अर्धलीची कोंबडी

खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली हात घातला की ती अंग फुगवते, घशातल्या घशात गुरगुरते आणि मनगटावर चोच मारते. चोच लागली की बाई समाधानाने हात काढून घेते. अंड्यांना आई मिळाली म्हणायची. गुणाबाईने हात घातला. आत ऊब होती, पण चोच आली नाही. तिने हात जरा वेळ तसाच ठेवला, बोटं हलवली, मुद्दाम एक अंडं ओढल्यासारखं केलं. कोंबडीने नुसता डोळा उघडला, तोही अर्धाच, आणि खालची पापणी परत वर चढली. म्हणजे ही खुडूक नव्हतीच. ही कालपासून आजारी होती, आणि आपण हिच्यापुढे आनंद करत बसलो होतो.

आनंद तरी केवढा. काल सकाळी कोंबडी दाण्याला धावत आली नाही, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे केळ्यांच्या खोक्यात पिसं फुलवून बसून राहिली, तेव्हा गुणाबाई ओल्या हातांनी तशीच आत गेली आणि फ्रिजच्या दारातली तिचीच अंडी पदरात घेऊन आली. सून भावना चहा गाळत होती. "आई, कोंबडा कुठाय पण? पिल्लं कशी होणार त्यातून?" असं ती हसत म्हणाली. गुणाबाईला काय हे ठाऊक नव्हतं? उभा जन्म कोंबड्यांत गेला होता. पण काही गोष्टी माहीत असूनही माणूस माहीत नसल्यासारखा वागतो, त्याला उपाय नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. करंजाड्याच्या या तिसऱ्या मजल्यावर झाकायला कोंबडंच नव्हतं आणि तांबडं मात्र रोज नेमाने फुटत होतं. तिने अंडी कोंबडीच्या पोटाखाली एकेक करून सरकवली होती आणि दिवसभर कारण काढून काढून बाल्कनीच्या दाराशी गेली होती. आता तीच अंडी तिने बाहेर काढली. खोलीतल्या हवेहून फारशी गरम नव्हती. कोंबडी त्यांच्यावर नीट बसलीच नव्हती, नुसती टेकली होती.

कोंबडी तिची नव्हती. म्हणजे अर्धी तिची होती आणि अर्धी कृष्णाबाईची. गावात याला अर्धलीनं देणं म्हणत. कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा. अंडी सांभाळणारीने खायची, पण पिल्लं उठली की निम्मी हिची, निम्मी तिची. त्यात कुणी उपकार करत नसे. सगळं बी एका घरात ठेवू नये, एवढीच अक्कल होती ती. मानमोडीची साथ आली की एखादं खुराडं दोन दिवसांत रिकामं व्हायचं, मग जिच्याकडे आपलं अर्धलीचं जनावर असेल तिच्या दारात जाऊन हक्काने पिल्लं मागायची आणि परत सुरुवात करायची. गुणाबाई आणि कृष्णाबाईची दारं समोरासमोर होती, मधली गल्ली एवढी अरुंद की दोघी आपापल्या पायरीवर बसून कोळंबी सोलत आणि आवाज न चढवता बोलत. एकीने सुरू केलेलं वाक्य दुसरी पुरं करी. नवरे गेले, आधी हिचा, मग तिचा, तरी ते बोलणं चालूच राहिलं. मग विमानतळाला गाव द्यावं लागलं. घरं उतरवायच्या त्या आठवड्यात, सगळीकडे कौलांची धूळ उडत असताना, कृष्णाबाई ही तांबडी तलंग काखेत धरून गल्ली ओलांडून आली होती. तिच्या मुलाने उलव्याला फ्लॅट घेतला होता. "ही तू ने. अर्धलीनं," ती म्हणाली, "आनी वाटा मागाला मी येनार हां गुने. सोरनार नाय." गुणाबाईने कोंबडी घेतली तेव्हा तिला वाटलं होतं, बाकी सगळं मोडलं तरी हे एक मोडलं नाही.

उलवं काही लंकेत नाही. विमानतळाच्या इकडच्या अंगाला करंजाडे, तिकडच्या अंगाला उलवे. मध्ये पूर्वी आपली शेतं होती, आता डंपर होते. रिक्षा बदलून गेलं तर बाई जेवायच्या वेळेला पोचेल. पण नुसतंच कसं जायचं? गावात कुणी नुसतं जात नसे. वाडगं परत करायला जायचं, विरजण मागायला जायचं, पाटा उसना आणायला जायचं, आणि मग उंबऱ्यावर दुपार घालवायची. कामाशिवाय दारात उभ्या राहिलेल्या बाईला दोघी मिळून हसल्या असत्या. म्हणून गुणाबाई पिल्लांची वाट बघत होती. पिल्लं झाली की टोपलीत घालून, वर फडकं बांधून ती उलव्याला जाणार होती, लिफ्टने की काय ते वर चढणार होती आणि म्हणणार होती, घे तुझा वाटा. एकदा तर चिकन सेंटरच्या बाहेर पायाला सुतळी बांधलेला एक गावठी कोंबडा तिला दिसला, तेव्हा तिने दुकानदाराला विचारलंही होतं, हा एक दुपार मला उसना देतोस का. दुकानदार इतका हसला की त्याने आतल्या माणसाला बाहेर बोलावून परत तिच्याकडून ते वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती परत गेली, म्हटलं हसू दे मेल्याला, पण सुतळी तेवढी खांबाला होती.

"आई, हिला काय झालंय?" भावना दारात उभी होती. तिने ओढणी नाकाला लावली होती. "काही पसरलं-बिसरलं तर? डॉक्टरला दाखवायचं का?" गुणाबाई म्हणाली, "कोंबरीला कोन डाक्टर गो? आनी आज आयतवार." जनावरांचा दवाखाना तसाही बंद होता, आणि तिथे कुणी म्हैस घेऊन उभं असताना आपण केळ्यांचं खोकं घेऊन बाकावर बसायचं, हे तिच्या डोळ्यांपुढे येईना. मुलगा, शैलेश, बूट घालत होता. तो द्रोणागिरीच्या गोडाऊनला सुपरवायझर होता, त्याला रविवार नसे. "चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला," तो म्हणाला. "आये, मरायच्या आधी कापून टाक. रात्री रस्सा तरी होईल." तो वाईट बोलला नव्हता. गावात सगळे हेच करत. गुणाबाईने मान हलवली. "अर्धलीची हाय. विचारल्याबिगर सुरी नाय लावायची." शैलेशने बायकोकडे बघितलं, भावनाने त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात एवढी माया होती की गुणाबाईला रडूच आलं असतं. म्हाताऱ्या माणसाकडे असं बघतात ते तिला ठाऊक होतं. तिनेही सासूकडे तसं बघितलं होतं.

दार लागलं. भावना आत गेली. मग गुणाबाई खाली फरशीवर बसली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात कोंबडी गुंडाळून तिने मांड्यांमध्ये धरली आणि बोटांनी तिला वाचायला लागली. मानमोडी नव्हती; मान सरळ होती, तुरा लाल होता, फिका पडलेला एवढंच. पण गळ्याखाली, जिथे खाल्लेले दाणे आधी साठतात, ती पिशवी टम्म झाली होती आणि दाबली की मळलेल्या पिठासारखी बोटाखाली दबत होती. रात्रभर पोटात काही उतरलं नव्हतं. कोंबडीने चोच उघडली तेव्हा आंबलेल्या पेजेचा वास आला. आणि चोचीच्या कोपऱ्यात एक पांढरा मणी चिकटलेला होता. गुणाबाईने तो नखाने काढला, चिमटीत दाबला, तो करकरला. तिने वर बघितलं. नव्या फ्रिजचं खोकं बाल्कनीत उभं करून ठेवलं होतं, परत कधी शिफ्ट करायचं झालं तर लागेल म्हणून, आणि त्यातलं थर्माकोल खालच्या बाजूने उंदराने खावं तसं कुरतडलेलं होतं. उकिरडा नाही, माती नाही, गांडूळ नाही, दिवसभर पांढरी फरशी आणि पांढऱ्या भिंती. त्यात हे पांढरं पांढरं, टोचलं की कुर्रकन आवाज करणारं. वेडीने तांदूळ समजून खाल्लं असेल. किंवा तांदूळ नाही हे कळूनही खाल्लं असेल, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. गुणाबाईला तिचा राग आला नाही.

तिने खोबरेल थोडं कोमट केलं आणि बोट बुडवून चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडलं. एकदम ओतलं तर श्वासात जातं. मग अंगठा आणि दोन बोटं पिशवीवर ठेवून ती हळूहळू चोळू लागली, गोल, मग खाली, परत गोल. कोंबडीचं अंग तापलं होतं. लुगड्यातून तिची ऊब गुणाबाईच्या मांड्यांना लागत होती आणि तिचं काळीज इतकं भराभर उडत होतं की ते वेगळं असं मोजता येत नव्हतं, नुसती थरथर. किती दिवसांत आपल्या मांडीवर काही जिवंत नव्हतं, हे गुणाबाईला आत्ता कळलं. या घरात सगळे तिला जपत होते, चहा हातात देत होते, पंख्याचा वेग विचारत होते, पण अंगाला अंग लागत नव्हतं. तिला जागा होती, पलंग होता, स्वतःचा असा नळसुद्धा होता. गावच्या घरात एका चटईवर तिघी झोपत आणि एकीने कूस वळली की तिघींना वळावं लागे. तेव्हा तिला त्याचा कोण कंटाळा.

लग्न होऊन आली त्या वर्षी एकदा जेवताना तिच्या घशात माशाचा काटा अडकला होता. सासरी नवी, पुरुष जेवत होते, ओरडायचं कसं? ती उठून बाहेर गेली आणि गल्लीत भिंतीला धरून उभी राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, श्वास लागत होता. समोरच्या दारातून कृष्णाबाईने बघितलं. तोवर दोघी एकमेकींशी धड बोललेल्याही नव्हत्या. तिने काही विचारलं नाही. आत जाऊन कोरड्या भाताचा मोठा घास वळून आणला, गुणाबाईच्या तोंडात कोंबला, आणि घास उतरेपर्यंत आपल्या बोटांनी तिचा गळा वरून खाली चोळत राहिली. त्या बोटांना हळदीचा वास होता. काटा गेला तरी ती जरा वेळ चोळतच होती. "जेला?" तिने विचारलं, आणि गुणाबाईने मान हलवली, आणि दोघींना हसू आवरेना. तेव्हापासूनचं ते. आता गुणाबाईची बोटं कोंबडीच्या गळ्यावरून तशीच खाली जात होती, आणि तिला क्षणभर कळेना की आपण चोळतोय की आपल्याला कुणी चोळतंय.

दुपारी विमानतळासाठी फोडत होते त्या डोंगराकडे सुरुंग उडाला. बाल्कनीच्या काचा थरथरल्या. रोज उडतो, रोज कोंबडी दचकून पंख झाडते. आज तिने झाडले नाहीत. मान लोळत होती. आणि तेव्हा गुणाबाईच्या मनात आलं, ही मेली तर आजच उलव्याला जाता येईल. अर्धलीचं जनावर मेलं तर ते न कापता, आहे तसं, मालकिणीकडे घेऊन जायचं असतं. मानेला सुरी लागलेली नाही हे तिने डोळ्यांनी बघायचं, आणि मग दोघींनी मिळून मातीत पुरायचं. त्याला कारण लागत नाही, तेच कारण. तिने ते सगळं बघितलं सुद्धा: कापडी पिशवी, रिक्षा, उलव्याची ती नवी नवी इमारत, दार उघडून कृष्णाबाई पिशवीकडे बघते, आगो बाय म्हणते, आणि मग दोघी माती शोधायला खाली उतरतात आणि कुठे मातीच मिळत नाही, आणि दोघी हसतात. हे बघताना तिच्या अंगातून असं काही सुखाचं गेलं की तिची बोटं थांबली. किती वेळ थांबली कोण जाणे. मग कोंबडीने तोंड उघडून एक श्वास घेतला, सुतळी ओढावी तसा आवाज झाला, आणि गुणाबाईला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. मांडीवर एक जीव जातोय आणि ही बाई पिशवी शोधतेय. भेटीसाठी मरण मागायची पाळी आली, इतके आपण एकटे झालोत, हे तिने पहिल्यांदाच स्वतःला सांगितलं. एकटे. शब्द असा होता की तो मनात म्हटला तरी घरात कुणी ऐकेल असं वाटलं.

"भावना," तिने हाक मारली, "हिकरं ये गो. हिचं पाय धर." भावना आली. नको नको म्हणत आली, पण आली, आणि ओढणी नाकावरून काढून तिने दोन्ही हातांनी पाय धरले. गुणाबाईने कोंबडीची मान खाली केली, चोच उघडी ठेवली आणि पिशवी खालून वर दाबली. आंबट पाणी आलं, त्यातून पांढरे मणी, तेलकट, एकमेकांना चिकटलेले. लगेच सरळ धरली, श्वास घेऊ दिला, परत उलटी केली. असं करताना कोंबडी मरतेही. गुणाबाईने मरताना बघितल्या होत्या. "आई, बास, ती मेली," भावना म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. कोंबडी खरंच लोंबत होती. गुणाबाईने तिला छातीशी घेतलं, पदराने चोच पुसली आणि तिच्या तोंडावर आपला श्वास सोडला, जसं पिल्लाला करतात. काळजाची थरथर अजून होती. "नाय मेली," ती म्हणाली. "जा, साखर-मिठाचं पानी कर. जुलाबात देतात तसा." भावनाने पाणी आणलं, आणि मग ती लगेच उठून गेली नाही, सासूच्या शेजारी फरशीवर बसून राहिली. भावनाला गुणाबाईशी काय बोलायचं ते माहीत नव्हतं, आणि गुणाबाईला भावनाशी. पण अंधार पडेपर्यंत चमचा भावनाच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गुणाबाई बाल्कनीत गेली तेव्हा खोक्याबाहेर पातळ हिरवट शी पडली होती आणि त्यात दोन पांढरे मणी होते. अशा गोष्टीने माणसाचे डोळे भरून येतात हे कुणाला सांगायचं? पिशवी सैल पडली होती. मऊ भात दह्यात कालवून पुढे केला तर कोंबडीने आधी मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं, मग एक शीत उचललं, टाकलं, परत उचललं. संध्याकाळी ती हॉलमध्ये आली. थर्माकोल शैलेशने सकाळीच कामावर जाताना खाली नेऊन टाकलं होतं, न सांगता. कोंबडी गुळगुळीत फरशीवर पाय घसरवत सोफ्याखाली गेली आणि तिथे काय सापडलं ते टोचत बसली.

"भावना, फोन लाव," गुणाबाई म्हणाली. "कृष्णाबायला." तिने लुगडं बदललं होतं. फोनला लुगडं दिसत नाही हे तिला माहीत होतं. भावनाने नंबर लावून, स्पीकर सुरू करून मोबाईल तिच्या हातात दिला. पलीकडे टीव्ही चालू होता, कुणीतरी लहान पोर किंचाळत होतं.

"कोन?"

"मी. गुना."

"आगो गुने!" तोच आवाज. गुणाबाईचं अंग सैल झालं. "बरी हास ना? गुडघं काय बोलतात?"

"गुडघं जाव दे. कोंबरी वाचली गो. मरत व्हती. थर्माकोल खाल्लान तिनी, गल्यात बसला. मी चोलून चोलून काढला, बघ, तू माझा काटा काढलास ना तसाच..."

"कंची कोंबरी?"

टीव्हीत टाळ्या वाजल्या. "तुझी. अर्धलीची. तांबरी."

"ती? आजून हाय ती?" कृष्णाबाई हसली. मनापासून, पूर्वी पायरीवर हसायची तशीच. "मना वाटला तुमी कवाच खाल्लीव."

"अर्धलीची खाईन मी? न विचारता?"

"आता कसली अर्धल गो बाय. हितं पिल्ला ठेवू कुठं? सुनंनं सगलीकरं टाइल्स बसवल्यान, मना पायपुसन्यावर उभा करते आधी." ती परत हसली. मग तिचा आवाज मऊ झाला. मैत्रिणीच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसा. "तू कशाला माझ्या वाट्यासाठी जीव काढतंस गुने? माझा वाटा मी सोरला. मनापासून सोरला. सगली तुझी. खा, ठेव, काय करशील ता कर."

"असा नको बोलू," गुणाबाई म्हणाली.

"आगो, आपल्यात कसला हिशोब?"

गुणाबाईला म्हणायचं होतं, असू दे की हिशोब, तेवढा तरी असू दे. तिने तोंड उघडलं. पण पलीकडे पोर काहीतरी सांडून रडायला लागलं, कृष्णाबाई त्याला ओरडली, मग फोनवर म्हणाली, "येस गो कवातरी. ठेवतंय हां." आणि टीव्हीचा आवाज बंद झाला.

भावना स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय म्हणाल्या? खूश झाल्या असतील ना?"

"झाली," गुणाबाई म्हणाली.

कोंबडी सोफ्याखालून बाहेर आली, अंग झाडून तिने पिसं बसवली आणि तुरा हलवत गुणाबाईच्या पायाशी येऊन उभी राहिली. भुकेली होती. आता ती सगळी गुणाबाईची होती. कुणाला काही द्यायचं राहिलं नव्हतं.